एकट्याचा वाद्यवृंद

तबल्याचें एकल वादन ज्यांनीं लक्षपूर्वक ऐकलें असेल, त्यांना लेहऱ्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. हार्मोनियम किंवा सारंगी वाजविणारा कलावंत एक लहानशी सुरावट घेऊन बसतो आणि तीच पुन्हां पुन्हां वाजवीत राहतो. त्रितालाच्या सोळा मात्रांत ती सुरावट नेमकी बसविलेली असते. ती जेथें संपते तेथेंच पुन्हां सुरू होते. तबलजी कायदे, रेले, तुकडे यांचा कितीहि विस्तार करो, लेहरा त्याला समेची जागा दाखवीत असतो. ऐकणाऱ्याला वाटतें, हें काम अगदीं सोपें आहे; एकच ओळ तर वाजवावयाची! परंतु जाणकारांना ठाऊक असतें कीं, लेहरा धरणारा माणूस सर्व वेळ कान देऊन बसलेला असतो. तबलजीनें लय वाढविली कीं तोहि ती वाढवितो. तबलजीचा तुकडा समेकडे झेपावूं लागला कीं त्याच्या बोटांना तें आधींच कळतें.

आज ज्या प्रकाराविषयीं मी बोलणार आहें, तो प्रकार म्हणजे यंत्राकडून धरविलेला एक लेहराच होय. ‘लाइव्ह लूपिंग’ या नांवानें तो जगभर ओळखला जातो. एकटाच कलावंत रंगमंचावर येतो. तो गिटारवर चार-सहा सुरांची एक ओळ वाजवितो. वाजवितांनाच ती यंत्रांत मुद्रित होते, आणि ओळ संपतांच यंत्र ती आपोआप पुन्हां पुन्हां वाजवूं लागतें. या फिरणाऱ्या ओळीला ‘लूप’ म्हणतात. त्या लूपवर तो गिटारच्या लांकडी अंगावर थापा मारून ठेका भरतो. ठेक्यावर दुसरी ओळ, दुसऱ्या ओळीवर स्वतःच्या आवाजाचे दोन-तीन थर चढवितो. आणि थोड्याच वेळांत, जेथें एक माणूस उभा होता तेथें पांच-सहा जणांचा वाद्यवृंद वाजूं लागतो. पूर्वीं याकरितां जड आणि महाग यंत्रें लागत. सांप्रत टॅब्लेट नांवाचा जो सपाट, कांचेचा, वहीएवढा संगणक पुष्कळ घरांत दिसतो, त्यावर हें सर्व काम होऊं शकतें.

तथापि लेहरेवाला आणि हें यंत्र यांत एक मोठा भेद आहे, आणि तोच माझ्या आजच्या भाषणाचें सूत्र आहे. लेहरेवाला लक्षांत ठेवतो आणि ऐकतोहि. यंत्र लक्षांत ठेवतें, परंतु ऐकत नाहीं. गायक दमला, थबकला, चुकला, किंवा एखाद्या शब्दावर रमला, तरी त्याची वार्ता यंत्राला नसते. म्हणून जो एकट्यानें असा कार्यक्रम करावयास निघतो, त्याला स्वतःपुरतें आणि यंत्रापुरतें, असें दोघांचें ऐकणें एकट्यालाच करावें लागतें. साहित्याची निवड, त्याची जुळणी, गाण्याची मांडणी आणि सराव, या सर्व गोष्टी अखेर या एका गरजेंतून निघतात.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. रेडिओच्या श्रोत्यांना कौतुक वाटावें अशी गोष्ट ही कीं, या कलेचा जन्म रेडिओच्याच घरांत झाला. १९४८ सालीं पॅरिस येथें फ्रेंच नभोवाणींत काम करणारा पिएर शेफर तबकड्यांवर प्रयोग करीत होता. तबकडीवरील खांच बाहेरून आंत सर्पिल गतीनें जाते. शेफरनें ती स्वतःलाच येऊन मिळेल अशी बंद, वर्तुळाकार करविली. सुई त्याच फेऱ्यांत अडकली आणि आवाजाचा तोच तुकडा अखंड ऐकूं येऊं लागला. आपणां सर्वांना तबकडी अडकली कीं जो वैताग येतो, त्यांतून शेफरनें संगीताचें एक नवें साधन काढलें! ५ ऑक्टोबर १९४८ रोजीं त्याच्या ध्वनिरचना फ्रेंच नभोवाणीवरून प्रथम ऐकविण्यांत आल्या.

पुढें चुंबकीय फीत आली. १९६३ सालीं टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार पॅरिसमध्येंच फ्रेंच नभोवाणीच्या स्टुडिओंत एका नाटकाचें संगीत करीत होता. ट्रंपेटवादक चेट बेकर त्याच्याबरोबर होता. तेथील एका तंत्रज्ञानें दोन टेपरेकॉर्डर शेजारीं ठेवून एकच फीत दोहोंमधून नेली. पहिल्यानें मुद्रित करावें, दुसऱ्यानें तें वाजवावें, आणि वाजलेलें पुन्हां पहिल्याकडे पाठवावें, अशी ती योजना होती. फीत सेकंदाला सुमारें १९ सेंटिमीटर वेगानें धांवत असेल आणि दोन यंत्रांत एक मीटर अंतर असेल, तर वाजविलेला सूर सुमारें सव्वापांच सेकंदांनीं परत येतो. म्हणजे लूपची लांबी त्या काळीं दोन टेबलांमधील अंतरानें ठरत असे. हीच युक्ति घेऊन रॉबर्ट फ्रिप व ब्रायन ईनो या इंग्रज कलावंतांनीं १९७३ सालीं एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली, आणि १९७९ सालीं फ्रिप एक गिटार व दोन टेपरेकॉर्डर घेऊन रेकॉर्डांच्या दुकानांतून आणि उपाहारगृहांतून एकट्याचे कार्यक्रम करीत हिंडला. एका माणसानें लहान जागेंत करावयाच्या लूपिंगच्या कार्यक्रमाचा तो एक आरंभीचा नमुना म्हणतां येईल.

त्यानंतर फितीची जागा विद्युत्-स्मृतीनें घेतली आणि यंत्र पायाखालीं आलें. २००१ सालीं बॉस या जपानी कंपनीनें आरसी-२० हें पेडल काढलें. त्यांत साडेपांच मिनिटांचें मुद्रण मावत असे. २००४ सालीं केटी टनस्टॉल या स्कॉटिश गायिकेला बीबीसीवरील जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमांत, दुसऱ्या कलावंताचें येणें ऐनवेळीं रद्द झाल्यामुळें, संधि मिळाली. गिटार आणि स्वतःचा आवाज यांच्या बळावर, एका पेडलच्या साह्यानें तिनें ‘ब्लॅक हॉर्स अँड द चेरी ट्री’ हें गाणें उभें केलें आणि तिचें नांव सर्वतोमुखीं झालें. जुलै २०१५ मध्यें एड शीरन यानें लंडनच्या वेम्ब्ली क्रीडांगणावर तीन रात्री वाद्यवृंदावांचून, गिटार आणि लूपच्या बळावर कार्यक्रम केले. एकट्या माणसानें किती मोठें पटांगण भरावें याला आतां मर्यादा उरली नाहीं, असें तेव्हां अनेकांना वाटलें.

टॅब्लेटचा प्रवेश याच काळांतला. ॲपल कंपनीचा आयपॅड २०१० सालीं निघाला. मायकेल टायसन या ऑस्ट्रेलियन तंत्रज्ञानें २०११ सालीं त्यासाठीं ‘लूपी एचडी’ हें ॲप तयार केलें. त्यांत प्रत्येक लूप एका वर्तुळाच्या रूपानें पडद्यावर दिसतो. वर्तुळाला बोट लावलें कीं मुद्रण सुरू, पुन्हां लावलें कीं वादन सुरू. २०१४ सालीं जिमी फॅलन व बिली जोएल या दोघांनीं अमेरिकन दूरचित्रवाणीवर आयपॅड समोर ठेवून, केवळ तोंडच्या आवाजांचे थर चढवीत एक जुनें गाणें गाऊन दाखविलें, तें याच ॲपवर. २०२१ च्या अखेरीस त्याची मोठी आवृत्ति ‘लूपी प्रो’ आली. मी पुढें जें सांगणार आहें, तें मुख्यतः आयपॅड आणि लूपी प्रो ही जोडी डोळ्यांपुढें ठेवून सांगतों. तत्त्वें मात्र इतर साधनांनाहि लागू पडतात.

पायाखालच्या पेडलपेक्षां टॅब्लेटचा फायदा कोणता? साध्या पेडलवर एक-दोन कळा असतात आणि आंत काय चाललें आहे तें डोळ्यांना दिसत नाहीं. टॅब्लेटवर आठ-दहा लूप निरनिराळे ठेवतां येतात, प्रत्येकाचा आवाज कमीजास्त करतां येतो, कोणताहि एक थांबवितां येतो, आणि कोणता लूप आवर्तनाच्या कोणत्या बिंदूवर आहे तें एका दृष्टिक्षेपांत कळतें. शिवाय त्याच कांचेंत पियानो, ऑर्गन, नगारे यांचे आवाज काढणारीं दुसरीं ॲपें आणि आवाजाला घुमारा देणारीं साधनेंहि जोडतां येतात. तोटाहि याच विपुलतेंत आहे. पेडल एकच काम करतें आणि वर्षानुवर्षें करतें. टॅब्लेट हजार कामें करतो आणि त्यांपैकीं एखादें नको त्या क्षणीं करूं पाहतो. त्याची तजवीज पुढें सांगेन.

आतां जुळणी पाहूं. आवाजाचा मार्ग असा: गळा किंवा वाद्य, तेथून मायक्रोफोन किंवा केबल, तेथून ऑडिओ इंटरफेस नांवाची लहान पेटी, तेथून टॅब्लेट, आणि त्याच पेटींतून परत स्पीकरकडे. टॅब्लेटला स्वतःचा मायक्रोफोन असतो, परंतु तो संभाषणासाठीं केलेला. सभागृहांत तो सर्व दिशांचा गोंगाट गोळा करतो. इंटरफेसची पेटी आवाजाचें अंकांत आणि अंकांचें आवाजांत रूपांतर करते. ज्या टॅब्लेटला एकच भोक असतें, त्याला ही पेटी जोडली कीं विजेची तार लावावयास जागा उरत नाहीं. म्हणून दोन्ही एकदम जोडतां येतील असा हब लागतो. आणि दोन्ही हात वाद्यावर गुंतलेले असल्यामुळें, कांचेवर बोट ठेवण्याऐवजीं तीच आज्ञा देणारें पायाचें पेडल हवें. तें तारेनें जोडावें. बिनतारी पेडलहि चालतात. परंतु गर्दीच्या सभागृहांत शेंकडो बिनतारी उपकरणें एकाच वेळीं जागीं असतात, हें विसरूं नये.

या मार्गांत एक अदृश्य शत्रु बसलेला असतो. त्याचें नांव विलंब. टॅब्लेट आवाज सलग हाताळीत नाहीं. लहान लहान घांस करून हाताळतो. सेकंदाचे ४८,००० भाग करून त्यांतील २५६ भागांचा एक घांस केला, तर एका घांसाला सुमारें ५.३ सहस्रांश सेकंद लागतात. आवाज आंत येतांना एक घांस, बाहेर जातांना एक, आणि रूपांतराचा थोडा वेळ, मिळून दहा ते पंधरा सहस्रांश सेकंद होतात. हवेंत आवाज सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे हा विलंब तीन ते पांच मीटरांवर बसलेल्या साथीदाराइतका झाला. तो बहुतेकांना सोसतो. घांस निम्मा केला कीं त्यांतला विलंबहि निम्मा होतो, मात्र टॅब्लेटचें काम वाढतें आणि तें झेपलें नाहीं कीं आवाजांत करकर येते. बिनतारी ब्लूटूथ स्पीकर किंवा कर्णयंत्रें यांत हाच विलंब शंभर सहस्रांशांच्याहि वर जाऊं शकतो. म्हणजे साथीदार चौतीस मीटरांवर, सभागृहाच्या पार मागच्या भिंतीशीं जाऊन बसल्यासारखें होतें. अशा साथीदाराबरोबर कोणालाहि तालांत वाजवितां येणार नाहीं. यास्तव नियम एकच: आवाजाच्या वाटेवर कोठेंहि बिनतारी दुवा ठेवूं नये.

विलंबाचा दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. वादक बरोबर समेवर वाजवितो, पण मुद्रण थोडें मागें पडतें; दुसरा थर त्याच्याहि मागें पडतो, आणि चार थरांनंतर सम ही एक रेषा न राहतां एक पट्टा होतो. चांगल्या ॲपांत मुद्रण तितकेंच पुढें ओढून घेण्याची सोय असते. ती एकदां नीट मोजून लावावी. यंत्र ऐकत नाहीं, म्हणून त्याला किती उशिरां ऐकूं येतें तें आपणच त्याला सांगून ठेवावें लागतें.

आतां आपण मुख्य मुद्द्याशीं येतों, तो म्हणजे पहिला लूप. मिनिटाला ९६ मात्रांची लय धरली, तर एक मात्रा ०.६२५ सेकंदाची होते आणि त्रितालाचें एक आवर्तन, किंवा पाश्चात्य पद्धतीनें चार-चार मात्रांचे चार खंड, बरोबर दहा सेकंदांत पुरे होतें. समजा, आवर्तन बंद करतांना पाय एका सेकंदाचा विसावा भाग उशिरां पडला. लूप १०.०५ सेकंदांचा झाला. एकदां ऐकतांना हें कोणाच्या ध्यानांतहि येणार नाहीं. परंतु शेजारीं एखादें तालयंत्र आपल्या गतीनें चाललें असेल, तर बारा आवर्तनांत, म्हणजे अवघ्या दोन मिनिटांत, हा फरक ०.६ सेकंदाचा होतो. जवळजवळ एक पूर्ण मात्रा! आणि तालयंत्र नसलें, तरी प्रत्येक फेऱ्याच्या सांध्याशीं लय लंगडते, आणि तें लंगडणें गाणें संपेपर्यंत दर दहा सेकंदांनीं ऐकावें लागतें. माणसाची चूक एकदां होते आणि विरून जाते; लूपमधील चूक वारंवार भेटावयास येते.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, ॲपमधील घड्याळ आधीं सुरू करून त्याची टिकटिक फक्त स्वतःच्या कानांत घ्यावी. मग पेडल थोडें आधीं दाबलें तरी मुद्रण पुढच्या समेपासूनच सुरू होतें आणि समेवरच बंद होतें. दुसरा, पहिला लूप मोकळ्या हातानें वाजवावा आणि त्याच्या लांबीवरून ॲपला लय ठरवूं द्यावी. पहिला मार्ग सुरक्षित, दुसरा अधिक जिवंत. नवशिक्यानें पहिल्यानें आरंभ करावा. पण एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी कीं, घड्याळ पायाची चूक सुधारतें, हाताची नाहीं. बोटें समेच्या आधीं पडलीं, तर तीं तशींच मुद्रित होणार. तसेंच शेवटचा सूर समेपाशीं खटकन् तोडूं नये. त्याची आंस पुढच्या फेऱ्यांत मिसळूं द्यावी, म्हणजे सांधा कळत नाहीं.

पहिला लूप तीन गोष्टी कायमच्या ठरवून टाकतो: लय, स्वर आणि आवाजाचें मान. तार किंचित् उतरलेली असेल, तर ती उतरलेली तार गाणें संपेपर्यंत वाजत राहील आणि पुढें लावलेला प्रत्येक शुद्ध सूर तिच्याजवळ बेसूर वाटेल. म्हणून दर गाण्यापूर्वीं वाद्य स्वरांत लावणें हा येथें केवळ शिष्टाचार नव्हे. आवाजाच्या मानाचेंहि तसेंच आहे. सारख्या जोराच्या थरांची संख्या दुप्पट झाली कीं एकंदर पातळी सुमारें ३ डेसिबलनें चढते; एकाचे आठ थर झाले कीं सुमारें ९ डेसिबल. पहिलाच लूप मोठ्यानें वाजविला, तर पुढच्यांना जागा कोठून मिळणार? पाया हलक्या हातानें घालावा, आणि प्रत्येक थराला आपली उंची नेमून द्यावी: एक खर्जांत, एक मध्यांत, एक तारांत. एकाच सप्तकांत सहा गिटारी कोंबल्या, तर वाद्यवृंद होत नाहीं, बाजार होतो.

कोणतें गाणें या पद्धतीला मानवतें, तेंहि पाहिलें पाहिजे. ज्या गाण्याचें आवर्तन आरंभापासून अखेरपर्यंत तेंच राहतें, तें उत्तम. आपल्याकडील भजनी ठेक्यावरचा अभंग यांत सहज बसेल. पोवाड्यांतील झीलकऱ्यांचें कामहि कांहीं अंशीं लूप करूं शकेल. परंतु झीलकरी शाहिराच्या तोंडाकडे पाहत असतो. शाहिरानें एखादा प्रसंग रंगवून लांबविला, तर तो थांबतो. लूप थांबत नाहीं. म्हणून शाहिरालाच पेडलवर पाय ठेवून तो थांबवावा लागेल. ज्या भावगीताचा अंतरा निराळ्या स्वरांकडे वळतो, त्यासाठीं लूपांचा दुसरा संच लागतो. आणि ज्या गायनाचें सौंदर्य लयीच्या सैल, लवचीक श्वासांत आहे, उदाहरणार्थ विलंबित ख्याल किंवा आलाप, त्याच्या वाटेस या साधनानें जाऊंच नये. तेथें तंबोरा पुरे.

मांडणींतील सर्वांत अवघड प्रश्न श्रोत्यांच्या संयमाचा असतो. दहा सेकंदांचे सहा थर चढवावयाचे, तर एक मिनिट केवळ बांधकामांत जातें, गायन त्यानंतर. पहिल्या गाण्याला श्रोते हें कौतुकानें पाहतात. तिसऱ्या गाण्याला कोणी घड्याळाकडे पाहूं लागतो. यास्तव दोन थरांवरच गाणें सुरू करावें. उरलेले थर ध्रुपदाच्या ओळींतून, गातां गातां भरावे. एखादें गाणें एकाच लूपवर म्हणावें. एखाद्या गाण्याचा आरंभच आवाजाच्या थरांनीं करावा. बांधकामाची पद्धत दर वेळीं निराळी असली, तर पुनरावृत्तीचा शीण येत नाहीं.

चढविण्याइतकेंच उतरविणेंहि महत्त्वाचें आहे. यंत्राला विसरणें ठाऊक नाहीं. त्याला विसरावयास लावणें हें कलावंताचें काम. शेवटच्या कडव्यापूर्वीं एका दाबासरशीं सर्व थर बंद करून केवळ एक उघडा स्वर ठेवला, तर सभागृहांत जी शांतता पसरते, ती सहा थरांनीं मिळत नाहीं. म्हणून पेडलची पहिली कळ मुद्रणासाठीं ठेवली, तर दुसरी ‘सर्व थांबव’ यासाठींच राखून ठेवावी. ती संकटांतहि उपयोगी पडते: थर बिघडला, तर तो लपविण्यासाठीं त्यावर आणखी थर चढवूं नयेत, सर्व थांबवावें, वाद्य तसेंच चालूं ठेवावें आणि गात राहावें. श्रोत्यांना तें योजलेलेंच वाटतें.

स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्यें परत शिरणें ही एक नेहमींची अडचण आहे. गळ्याचा थर मुद्रित करतांना मागें वाजणारे लूपहि त्यांत उतरतात, आणि दर थरागणिक त्यांची धूसर प्रतिमा वाढत जाते. याकरितां एका दिशेनेंच ऐकणारा मायक्रोफोन घ्यावा, तो तोंडाजवळ धरावा, स्पीकर त्याच्या पाठीशीं ठेवावे, आणि जेव्हां गावयाचें नसेल तेव्हां तो बंद करावा.

आतां टॅब्लेटच्या चंचलपणाचा बंदोबस्त. कार्यक्रमापूर्वीं विमानांतील वापराची स्थिति चालूं करावी, म्हणजे फोन, निरोप आणि जाहिराती यांचे आवाज येणार नाहींत. पडदा आपोआप मालवूं नये अशी तजवीज करावी. आठवड्यांत कार्यक्रम असेल, तर प्रणालीची किंवा ॲपची नवी आवृत्ति घेऊं नये. उन्हाचा धोका आपल्या देशांत विशेष आहे. आयपॅड ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेंत वापरावा असें त्याचे निर्मातेच सांगतात; विदर्भांत उन्हाळ्यांतील संध्याकाळहि पुष्कळदां त्याहून तापलेली असते, आणि तापलेला टॅब्लेट पडद्याचा उजेड कमी करतो किंवा काम थांबवितो. उघड्या मांडवांत तो सावलींत, वारा लागेल असा ठेवावा. एक जादा केबल जवळ असावी. आणि सर्वांत मोठी तजवीज म्हणजे, यंत्रावांचून म्हणतां येतील अशीं दोन गाणीं नेहमीं तयार असावींत. वीज गेली तरी गळा असतो.

येथें एक शंका योग्यच विचारली जाते. हा सर्व खटाटोप करण्यापेक्षां तयार मुद्रित साथ लावून त्यावर कां गाऊं नये? श्रोत्याला काय फरक पडणार? माझ्या मतें फरक फार मोठा पडतो. तयार साथींत श्रोत्याला फळ मिळतें. लूपमध्यें तो झाड वाढतांना पाहतो. प्रत्येक आवाज कोठून आला तें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें, आणि तो चुकूं शकत होता हेंहि त्याला माहीत असतें. या विश्वासावरच हा प्रकार उभा आहे. म्हणून घरीं मुद्रित करून आणलेला थर आतांच वाजविल्याचा आव आणूं नये. टॅब्लेटमधील तयार ठेका वापरावयाचा असेल, तर खुशाल वापरावा. पण तो उघडपणें वापरावा.

दुसरी शंका साथीदारांची. एकटा माणूस सहा जणांचें काम करूं लागला, तर उरलेल्या पांचांनीं काय करावें? ही शंका झटकून टाकण्याजोगी नाहीं. एखाद्या उपाहारगृहांत किंवा घरगुती समारंभांत जेथें एकाचीच बिदागी कशीबशी निघते, तेथें हें साधन एका गरजू कलावंताला उभें करतें आणि कोणाचें कांहीं हिरावून घेत नाहीं. परंतु जेथें साथीदाराला बोलावण्याची ऐपत आहे, तेथें केवळ खर्च वांचविण्यासाठीं लूप आणला, तर साथीदाराचें पोट जातें आणि गायकाचा कानहि जातो. उलट उत्तर न देणाऱ्या साथीची संवय फार लवकर लागते. तिच्याबरोबर वर्षभर गाणारा माणूस दुसऱ्यासाठीं थांबणें, दुसऱ्याला वाट करून देणें, दुसऱ्याच्या चुकीला सांवरून घेणें, हें हळूहळू विसरतो. तेव्हां लूपवर सराव करणाऱ्यानें अधूनमधून एखाद्या तबलजीपुढें, एखाद्या पेटीवाल्याशेजारीं जरूर बसावें.

हें साधन कितपत साधलें आहे, याची परीक्षा घरीं सहज घेतां येते. कार्यक्रमाचें एक गाणें पुरतें उभें करावें, मग सर्व लूप बंद करून तेंच गाणें उघड्या गळ्यानें, एका वाद्यावर म्हणावें. तें उभें राहिलें, तर थरांनीं त्याची शोभा वाढविली असें समजावें. तें कोसळलें, तर थरांनीं त्याचें दुबळेपण झांकलें होतें असें समजून आधीं गाण्याकडे वळावें. टॅब्लेट, पेटी, पेडल यांची खरेदी एका दिवसांत होते. पहिला लूप समेवर बंद करावयास कांहीं आठवडे लागतात. आणि कोणता थर केव्हां उतरवावा, हें कळण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. लेहरेवाल्याला तबलजीच्या शेजारीं बसून जें शिकावें लागतें, तेंच येथेंहि शिकावें लागतें. एवढेंच कीं, शेजारचा आसनावरचा माणूस उठून गेला आहे, आणि त्याचे कान आपणांस सांभाळावयाचे आहेत.